दारातलं गवत

गेट उघडून आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, मी चुकून भलत्याच घरात शिरले. मागे फिरून खांबावरची पाटी वाचली. रामनाथ भिकाजी कोळी. म्हणजे घर आमचंच होतं. मग आमचं लॉन कुठे गेलं?

सकाळी नोकरीवर निघताना होतं हो! घोटा बुडेल इतकं वाढलेलं, हिरवंगार, दव पडलेलं. आणि आता कुंपणापासून ओट्यापर्यंत नुसती सपाट जमीन, शेणानं सारवलेली. सारवण अजून ओलं होतं आणि उतरत्या उन्हात चकाकत होतं. कडेची गुलाबाची झाडं तेवढी शाबूत होती. गवताची एक काडी म्हणून शिल्लक नव्हती.

माझ्या हातातली भाजीची पिशवी गळून पडली. मी बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायला जागा मिळत नाही, असं माझे यजमान चारचौघांत सांगतात. पण त्या वेळी मी खाली बसून सांडलेली भाजी गोळा करत राहिले.

ओट्यावर माझ्या सासूबाई, सखुबाई, पाय पसरून बसल्या होत्या. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले. शेजारी माहुलहून आलेल्या त्यांच्या धाकट्या बहीण अंजनाबाई, तशाच अवतारात. दोघींच्या मध्ये चहाची किटली. आणि सासूबाई हसत होत्या. आमच्याकडे राहायला आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच अशा हसताना बघत होते.

"कडंकडंनी ये गो नलू," त्या म्हणाल्या, "ओला हाय अजून. पाय उठतील."

आता हे लॉन म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायलाच हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, गवत ते गवत, एवढा आकांत कशाला?

माझा नवरा रामनाथ विक्रोळीच्या एका कारखान्यात साधा शिकाऊ म्हणून लागला आणि चढत चढत इंजिनियर झाला. माहुलच्या कोळीवाड्यातला, बाप लहानपणीच गेलेला, आईनं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन शिकवलेला मुलगा. मुलुंडच्या कॉलनीत आम्ही हे बैठं घर घेतलं तेव्हा लोकांनी खोल्या बघितल्या, नळ बघितले. हा मात्र पुढच्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नलू, इथे गवत लावायचं."

मी म्हटलं, "भाजी लावू या. निदान कोथिंबीर तरी."

"नाही, गवतच. तुला सांगू? लहानपणी एकदा आमच्या दारात असं गवत होतं, माझ्या कमरेएवढं. मी त्यात दिवसभर लोळायचो. कुणी ओरडायचं नाही. आयुष्यात तेवढं सुख मला परत कधी मिळालं नाही."

अशा माणसापुढे कोथिंबिरीचं काय चालणार? माझंही माहेर कोळ्याचंच, पण वडील गोदीत कारकून आणि आम्ही वाढलो घाटकोपरच्या चाळीत. मासा मला ताटातला ठाऊक आणि अंगण कुंडीएवढं. मला वाटलं, कोळीवाड्यात असेल बाई दारोदार गवत.

तेव्हापासून आमच्या घराचं पंचांगच बदललं. वैशाखात आम्ही आंबे खाण्याऐवजी जमीन उकरून उन्हात तापवायचो. मग लाल माती, त्यात चाळून घेतलेलं शेणखत. मृगाच्या तोंडावर गवताच्या काड्या टोचायच्या. एकेक काडी, ओळीनं! पावसात उकिडवं बसून लव्हाळा मुळासकट उपटायचा, कारण एक गाठ जरी मातीत राहिली तरी तो दामदुपटीनं उगवतो. पाऊस ओसरला की गवत कापायचं मशीन फिरवायचं, वरून रोलर ओढायचा, आणि थंडीत सकाळी उठून लेकराला न्हाऊ घालावं तसं पाणी घालायचं. लॉनवर चप्पल घालून जायची आमच्याकडे पाहुण्यांनाही मनाई होती. नंबर लावून मिळालेल्या स्कूटरला या माणसानं कधी इतकं जपलं नाही.

आणि त्या वर्षी त्या कष्टांचं चीज होणार होतं. कॉलनीची कोजागिरी आमच्या लॉनवर ठरली होती. शेजारच्या मालनताई बर्वे स्वतः येऊन म्हणाल्या होत्या, "गच्चीवर फार डास होतात. यंदा तुमच्या हिरवळीवरच बसू या." कोळ्याच्या घरचं पाणी पिताना आधी पेल्याचा काठ निरखणाऱ्या या बाई! रामनाथ त्या दिवशी घरात शीळ घालत फिरत होता.

ती कोजागिरी उद्यावर आली होती.

त्याच कोजागिरीवर आमच्या घरातली आणखी एक गोष्ट अडलेली होती. सासूबाईंचे गुडघे गेले, पाटी सुटली, तेव्हा रामनाथ त्यांना गणपतीनंतर हट्टानं घेऊन आला. त्या म्हणाल्या होत्या, "कोजागिरीपातूर र्‍हाऊन बगते. जमला तं जमला, नायतर मी आपली माझे घरात बरी." माहुलच्या त्या घरात आता कुणी नव्हतं. पडून राहिल्या तर पाणी द्यायला माणूस नव्हतं. त्यामुळे रामनाथ रोज मला विचारायचा, "आई काही बोलली का? राहते म्हणाली का?"

राहतील कशा? सुका बोंबील भाजायला घेतला की हा खिडक्या लावायचा, शेजारी वास जाईल म्हणून. पापलेट साफ करायला त्या मागच्या दारी बसल्या तर हा म्हणायचा, "आई, आत मोरीत बस ना." भांडी घासू नको, पाणी भरू नको, तू आता आराम कर. सगळं प्रेमानंच हं! पण जन्मभर कामाला जुंपलेल्या बाईला आराम म्हणजे शिक्षाच की. एकदा मला म्हणाल्या, "मना हितं शोकेसमदी ठेवलाय गो."

आणि एक गोष्ट मी पाहत होते, पण तिचा अर्थ मला लागत नव्हता. पाऊस थांबला तशा त्या पुढच्या ओट्यावर बसेनाशा झाल्या. दार उघडलं आणि ते हिरवं गवत दिसलं की पाठ करायच्या. दोन-तीनदा रामनाथला विचारलं, "पाऊस गेला ना रे? मग ह्या गवताचा काय?" तो बिचारा ओव्हरटाइमनं पिचलेला. मशीनचं पातं धार लावायला टाकलेलं, ते दुकानदार देत नव्हता. तो चिडून म्हणाला होता, "काय करू आई? कोजागिरी आली तोंडावर, गवत हे एवढं वाढलंय आणि मला मरायला सवड नाही."

 दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, आम्ही दोघं कामावर गेलो आणि सासूबाईंनी वाण्याच्या फोनवरून माहुलला निरोप धाडून बहिणीला बोलावून घेतलं.

"आई," मी कशीबशी बोलले, "हे तुम्ही केलंत?"

"मंग कोन करनार? खला करनं बाईचा काम. पुरुष कामावर, त्याला कवा सवड गावनार?" त्यांनी त्या सारवलेल्या खळ्याकडे अभिमानानं पाहिलं. "मुलासकट काडलाय. परत नाय यायचा. उद्या तुमची मानसा खुशाल बसूं देत."

अंजनाबाई म्हणाल्या, "तो लोखंडाचा गोल हाय ना, त्यो लय कामाचा. आमचेकडं धुमसानं ठोकून ठोकून जीव जातो. ह्यो फिरवला नी जमीन कशी पाटावानी!"

रामनाथचा लाडका रोलर! त्यांनी लॉन उपटून त्याच्याच रोलरनं जमीन सपाट केली होती. मला हसू आलं असतं, पण रामनाथची घरी यायची वेळ झाली होती.

"आणि काढलेलं गवत कुठाय?" मी विचारलं. मनात आलं, हिरवं असेल तर पाणी मारून रात्रीतून परत टोचू. वेड लागल्यावर माणूस काय वाट्टेल ते योजतं.

"तबेल्यावाल्या भैयाला दिला. त्यानं शेण दिला ना बदल्यात. पैसा नाय लागला." सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "म्हशी कवऱ्या खुशीनं खात व्हत्या!"

कुंपणापलीकडून किंकाळी आली. मालनताई बर्वे दोन्ही हात गालांवर ठेवून उभ्या होत्या. "अहो नलिनी! हे काय झालं? आणि उद्याचं दूध? सतरंज्या का शेणावर घालायच्या?"

 तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला.

तो आवाज गेटाशी बंद पडला. मी वळून पाहिलं. रामनाथ स्कूटरवर बसलेलाच होता. एक पाय जमिनीवर, हात हँडलवर. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी बघितला. कारखान्यात अपघात झाला होता तेव्हाही तो असा पांढरा पडला नव्हता. मग तो उतरला, आत आला आणि सारवणाच्या कडेला उभा राहिला. आज तर तो पायांतले बूट काढायलाही विसरला होता.

"बग, कसा चांगला जाला," सासूबाई म्हणाल्या. पोराच्या तोंडून शाबासकी ऐकायला त्या जरा पुढे सरकल्या होत्या. ते आठवलं की आजही माझ्या जिवाला चटका बसतो.

"कोणी सांगितलं तुला?" रामनाथ हळू बोलला. मग त्याचा आवाज चढला. "कोणी सांगितलं? दोन वर्षं मी... एकेक काडी... आणि तू म्हशींना घातलंस? या कॉलनीत माझी लाज ठेवायची नाही असं ठरवूनच आलीस का? तुला इथे आणलं तिथेच माझं चुकलं!"

मालनताई कुंपणाशी होत्याच. त्यांनीही मान खाली घातली.

सासूबाईंचं हसू विझलं.  हात भिंतीला टेकून उठल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले. तशाच शेणाच्या हातांनी त्या खुंटीवरचं लुगडं काढत होत्या. जुन्या चादरीत एकेक कपडा ठेवून बोचकं बांधायला लागल्या. मी हात धरला तर म्हणाल्या, "सोर गो. कोजागिरीपातूर बोलले व्हते. आली कोजागिरी."

मला रामनाथचा असा संताप आला म्हणता! लॉन गेलं तर गेलं, पुढच्या मृगाला परत लावता येतं. आईला असं बोलायचं? मी तणतणत बाहेर आले ते त्याला चार शब्द सुनवायलाच. पण माझ्या आधी अंजनाबाई उठल्या होत्या. बुटकी बाई, पण माहुलच्या बंदरावर लिलावात पुरुषांना गप्प करणारी. ती रामनाथसमोर कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"झाला तुजा बोलून? आता माझा ऐक. तू कोलीवाड्यातला ना रे? पाऊस गेल्यावर कोनाचे दारात गवत र्‍हातं, सांग."

अंजनाबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"पावसाचं चार महिने सगल्यांचे खल्यात गवत येतं. होडी दर्यात गेली की बाया गवत काडतात, सारवतात, मासली वालत घालतात. ज्या घरचा मानूस दर्यातून परत नाय आला, त्याचे खल्यात काय वालवनार? त्या दारात गवत तसाच र्‍हातं. लांबून दिसतं. बघनारा समजतो, ह्या घरात करता पुरुष नाय उरला."

ती एक पाऊल पुढे आली. "तुजा बाप भिकाजी दर्यात गेला त्या साली तुमचे दारात गवत व्हता. कमरेएवरा. सखूनं विला लावला नाय. म्हनायची, तो येल, मासली आनल, मंग काडीन. दिवाली गेली, शिमगा आला. तू त्या गवतात लोलायचास, खिदलायचास, नी ती दाराआड बसून तोंडात पदर कोंबून रडायची. तुला कोन ओरडनार? बापाविना पोर. तुला कोनी ओरडला नाय."

कुणी ओरडायचं नाही. हेच त्यानं मला कितीदा सांगितलं होतं, किती कौतुकानं. मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"तुजे दारात रोज ते गवत बगून ती पाठ करायची," अंजनाबाई म्हणाल्या. "तुजा बाप गेला तसा काय इपरीत नको घडायला, म्हनून गुडघं सुजलेलं असताना ती दिवसभर राबली. नी तू तिला काय बोललास?"

रामनाथनं खाली वाकून पायांतले बूट काढले.  त्याच्या सुखाची ती एकुलती एक आठवण. त्याच्या बापाच्या मरणाचं गवत तो दोन वर्षं लेकरासारखं वाढवत होता, आणि ते बघायला त्यानं आईला आग्रहानं आणून बसवलं होतं. तो आत गेला. आईच्या दाराशी उभा राहिला. "आई," एवढंच म्हणाला. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "उद्या सकाली मना नि अंजनीला बसवर सोर," त्या म्हणाल्या. "बाकी काय नको."

त्या संध्याकाळी आमच्याकडे चूल पेटली ती फक्त नावाला. कुणी जेवलं नाही.

सकाळी मी उठले तर रामनाथ घरात नव्हता. स्कूटरही नव्हती. कोजागिरीच्या तयारीसाठी त्यानं रजा टाकली होती, म्हणजे कामावर गेला नव्हता. तास गेला, दुसरा गेला. सासूबाई बोचकं मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. अंजनाबाईंनी पायात वहाणा चढवल्या. "सोरायला पन आला नाय बग," सासूबाई म्हणाल्या. रागाच्या भरात तो कुठे गेला, याचे नाही नाही ते विचार माझ्या डोक्यात यायला लागले. बाहेर खळं कोरडं पडलं होतं, ऊन चढलं होतं, आणि आम्ही तिघी त्या रिकाम्या जमिनीकडे बघत होतो.

शेवटी स्कूटर आली. पुढे पाय ठेवायच्या जागी एक भलीमोठी पाटी, तिच्यावर ओलं गोणपाट, आणि दोन्ही पाय बाहेर फाकवून कशीबशी स्कूटर सांभाळणारा माझा नवरा. कारखान्याच्या इस्त्रीच्या पँटीवरून पाणी गळत होतं. वास गेटाच्या आत त्याच्याआधी पोचला. सुका बोंबील भाजताना खिडक्या लावून घेणारा माणूस माहुलच्या बंदरावरून पाटीभर ताजा जवळा घेऊन आला होता!

त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाटी उचलून खळ्याच्या मध्यावर नेली आणि उपडी केली. बारीक कोळंबीचा तो गुलाबी ढीग सारवणावर पसरला. मग तो खाली बसून दोन्ही हातांनी जवळा पांगवायला लागला.

मालनताईंना कुंपणाशी यायला वेळ लागला नाही. नाकाला पदर होता. "रामनाथराव! अहो, आज कोजागिरी! काय हे?"

"जवळा, काकू," तो मान वर न करता म्हणाला.

"अहो पण दूध..."

"दूध तुमच्या गच्चीवर करा. आमच्याकडे आज हा वाळणार." मग त्यानं मान वर केली, पण पाहिलं ते दाराकडे, आईकडे. कॉलनीत कधी बोलत नाही त्या बोलीत, मोठ्यानं, साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आये, बग. तुजे दारात मासली वालतेय. घरातला मानूस परत आला."

सासूबाई बोचकं धरून बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि त्या पुसतही नव्हत्या. मला वाटलं, आता या उठून त्याला जवळ घेतील. कसलं काय! उठल्या, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तरातरा खळ्यात उतरल्या.

"अरे मेल्या, ढीग कसला करतंस? सडंल ना सगला! पातल पसर, पातल! इंजिनेर जालास नि जवला पसरता नाय येत?"

अंजनाबाईंनी पायातल्या वहाणा काढल्या. मी सासूबाईंचं बोचकं उचललं आणि आत नेऊन कपाटात रिकामं केलं.